पायाखालचे पाणी कोणाचे?

आपल्यापैकी अनेक घरांत रात्री निजण्यापूर्वी सूरह अल्-मुल्क पढली जाते. मुलांना ती आठ-दहा वर्षांच्या वयातच तोंडपाठ होते. जीवन आणि मृत्यू, एकावर एक रचलेली सात आकाशे, पंख पसरून विहरणारे पक्षी, असे एकेक दृश्य दाखवत ही सूरह तिसाव्या, म्हणजे शेवटच्या आयतीत आपल्याला जमिनीवर आणते. किंबहुना जमिनीखाली नेते. तेथे अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) लोकांपुढे एक प्रश्न ठेवण्यास सांगितले आहे. तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला आणून देणारा कोण, असा त्या प्रश्नाचा आशय आहे.

मुलांना हा प्रश्न विचारला तर ती क्षणात उत्तर देतात: अल्लाह. उत्तर अचूक आहे आणि ते त्यांच्या मनात असेच दृढ राहिले पाहिजे. परंतु वाचकहो, आपण वडीलधाऱ्यांनी त्या आयतीपाशी आणखी थोडे थांबायला हवे. पाणी खोल जाण्याची गोष्ट आज आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच गावात घडत आहे. ज्या वाडीत आजोबांच्या काळी पोहऱ्याने पाणी शेंदता येई, तेथे नातू सहाशे फुटांची बोअर मारतो आणि तीही कोरडी निघते. पाणी खोल गेले त्यात आपला हात किती, आणि मुळात ते आपले होते काय? हे दोन प्रश्न शाळेतील जलचक्राच्या आकृतीत येत नाहीत. ते दीनचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे घरातून, मकतबमधून आणि मिंबरावरूनच मुलांपर्यंत पोहोचायची आहेत.

खोल जाण्यासाठी सूरह मुल्कमध्ये जो शब्द आला आहे, 'ग़ौर', तोच शब्द पाण्याच्याच संदर्भात सूरह अल्-कहफच्या एकेचाळिसाव्या आयतीत येतो. जुम्याच्या दिवशी ही सूरह पढणाऱ्यांना दोन माणसांचा तो दृष्टांत ठाऊक असेल. एकाजवळ द्राक्षांच्या दोन बागा, भोवती खजुरीची झाडे, दोहोंच्या मधे शेती आणि त्यांतून खळाळणारा पाण्याचा प्रवाह. तो आपल्या सोबत्याला सांगतो की माझी संपत्ती तुझ्याहून अधिक, माझे मनुष्यबळही अधिक, आणि ही बाग कधी काळी नष्ट होईल असे मला वाटत नाही. सोबती त्याला सावध करतो. त्या इशाऱ्यात एक शक्यता अशी मांडली आहे की बागेचे पाणी खोल जाईल आणि शोधूनही तुला ते मिळणार नाही. या बागायतदाराने कोणाची जमीन बळकावली किंवा कोणाचे पाणी चोरले, असे दृष्टांतात कोठेही म्हटलेले नाही. त्याचा अपराध त्याच्या जिभेवर आहे. जे त्याला दिले गेले होते त्याला तो 'माझे' म्हणाला आणि देणाऱ्याला विसरला. बोअरवेलविषयी बोलताना आपल्या तोंडी हाच शब्द किती सहज येतो!

मी ज्या मकतबमध्ये शिकवतो तेथील मुलांना एकदा साधे प्रश्न घरी विचारून येण्यास सांगितले: आपल्या घरी पाणी कोठून येते, ते किती खोलवरून येते, आणि आजी-आजोबांच्या लहानपणी ते किती खोल होते? 'पाणी वाचवा'चे घोषवाक्य सर्वांना पाठ होते. शाळेतील चित्रकला स्पर्धेत पृथ्वीवर नळ काढून बहुतेकांनी बक्षिसेही मिळवली होती. बोअरची खोली मुलांनी अभिमानाने सांगितली, जणू ती जितकी खोल तितकी घराची प्रतिष्ठा मोठी. टँकर कोणत्या दिवशी, किती वाजता येतो, हे मात्र फक्त मुलींना ठाऊक होते. आणि ज्या मशिदीत आम्ही बसलो होतो, तिच्या वजूखान्याचे पाणी कोठून येते हे एकालाही सांगता आले नाही. घोषणा पाठ आहे आणि स्रोत माहीत नाही, अशी आपल्या जलशिक्षणाची स्थिती आहे.

म्हणून आधी पायाखाली काय आहे ते मुलांना सांगितले पाहिजे. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा बसाल्ट पाषाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थिजला, त्यातून हा पाषाण झाला. वाळू किंवा गाळाच्या मातीत पाणी जसे मुक्त मुरते आणि साठते तसे या खडकात होत नाही. वरचा मुरमाचा, झिजलेला थर आणि खडकातील भेगा-फटी एवढीच पाण्याची जागा. 'जमिनीखाली समुद्र आहे, फक्त खोल जायला हवे' ही आपल्याकडील समजूत या खडकाला लागू पडत नाही. पुष्कळदा खोलवर लागणारे पाणी हे फटींत वर्षानुवर्षे अडकलेले असते. एकदा उपसले की एका पावसाळ्यात ते परत भरत नाही. शिवाय फट माझ्या बांधापाशी संपत नाही. माझ्या बोअरची मोटर सुरू होते तेव्हा शेजाऱ्याच्या विहिरीचा झरा बारीक होतो, आणि तो का बारीक झाला हे दोघांनाही दिसत नाही. भूजलाच्या बाबतीत अन्याय बहुधा असाच घडतो: न पाहता, न भांडता, दोन सज्जन शेजाऱ्यांमध्ये.

येथे मदीनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. ती पवित्र नगरी दोन 'हर्रां'च्या मधे वसलेली आहे. हर्रा म्हणजे काळ्या, भाजल्यासारख्या दगडांचे मैदान. तोही थिजलेला लाव्हाच, आपल्या दख्खनसारखा बसाल्ट. पावसाचे पाणी त्या काळ्या दगडांवरून ओघळत खालच्या बागांकडे येई. म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाण्यासंबंधी जे निवाडे दिले ते भरल्या नदीच्या देशात दिलेले नाहीत. काळ्या पाषाणावरच्या अपुऱ्या पाण्याचे ते निवाडे आहेत. मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील मुस्लिमाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

त्यांपैकी एक निवाडा सहीह बुखारीत आला आहे. ह. जुबैर (र.) आणि एक अन्सारी यांच्यात हर्राच्या पाटांवरून तंटा झाला. जुबैर यांची बाग वरच्या अंगाला, अन्सारीची खालच्या अंगाला. प्रेषितांनी (स.) प्रथम जुबैर यांनाच थोडे घेऊन शेजाऱ्यासाठी पाणी सोडण्यास सांगितले. हा सलोख्याचा मार्ग होता आणि त्यात वरच्याला आपल्या हक्कातून काही सोडावे लागत होते. अन्सारीने त्यावर पक्षपाताचा आरोप केला, तेव्हा जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क घेण्यास सांगण्यात आले: बागेच्या बांधापर्यंत पाणी चढू द्यावे आणि मग सोडावे. महजूर नावाच्या ओढ्याविषयीच्या निवाड्यात हीच मर्यादा घोट्यापर्यंतच्या पाण्याची सांगितली आहे. आता यातील बारकावा पाहा. वरच्या शेतकऱ्याचा पहिला हक्क मान्य आहे, परंतु त्या हक्काला माप आहे, आणि ते माप त्याच्या तिजोरीवरून, पंपाच्या अश्वशक्तीवरून किंवा पिकाच्या बाजारभावावरून ठरत नाही. घोट्याएवढे पाणी झाले की हक्क संपतो आणि तेथून शेजाऱ्याचा हक्क सुरू होतो. कोणतेही मूल आपल्या पायाकडे पाहून हे माप समजू शकेल.

ओढ्याचे पाणी दिसते, त्यामुळे त्याचा निवाडा होऊ शकतो, भूजलाचे काय? आपल्या देशात आजही १८८२ सालच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील तत्त्व लोकांच्या मनात घर करून आहे. जमिनीच्या मालकाने आपल्या हद्दीतील, निश्चित प्रवाह नसलेले भूजल उपसण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. इंग्रजी अमदानीतील या विचाराने जमीन ज्याची त्याचे पाणी, असे समीकरण रूढ केले. ज्याला जमीन नाही त्याला भूजलही नाही, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो. इस्लामी न्यायशास्त्राचा विचार वेगळ्या टोकापासून सुरू होतो. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत, ही हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. तिच्या आधारे हनफी फकीहांनी असे ठरवले की विहिरीतील पाणी विहीर खोदणाऱ्याच्या मालकीचे होत नाही. घागरीत, टाकीत भरून घेतले म्हणजे ते त्याचे होते. विहीर त्याची आणि उपशाचा पहिला हक्क त्याचा, परंतु तहानलेला माणूस आणि तहानलेले जनावर यांना त्याने अडवू नये. कोकणातील आपले बांधव शाफई मताचे आहेत. त्या मतात आपल्या जमिनीतील विहिरीच्या पाण्यावर मालकी मान्य असली, तरी गरजेहून अधिकचे पाणी पिण्यासाठी आणि गुराढोरांसाठी विनामूल्य देणे बंधनकारक आहे. वाट निराळी असली तरी तहानेला दाराबाहेर ठेवण्याची मुभा दोन्ही मतांत नाही.

फिकहमध्ये विहिरीच्या 'हरीम'ची चर्चा आहे, ती तर आपल्या तरुणांनी आवर्जून अभ्यासावी. हरीम म्हणजे विहिरीभोवतीचे संरक्षित वर्तुळ. गुरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी ते चाळीस हातांचे मानले गेले. झऱ्यासाठी त्याहून कितीतरी मोठे. त्या वर्तुळात दुसऱ्याने विहीर खोदू नये, कारण पहिल्या विहिरीचे पाणी तिकडे ओढले जाईल. खडकातील पाणी एका विहिरीतून दुसरीत ओढले जाते, हे आपल्या फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखले होते. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी भूजलाचा कायदा केला. त्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली गेली. पुढे २००९ चा व्यापक भूजल कायदा झाला, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आले. कायद्यातील हे वर्तुळ आणि फिकहमधील हरीम यांचे नाते मला फार जवळचे वाटते. गावात या कायद्याची काय गत आहे ते आपण सारेच जाणतो. रात्रीतून बोअरचे यंत्र येते आणि सकाळी केसिंग बसलेले असते. सरकारी नियम मोडणाऱ्याला आपण चतुर म्हणतो. तोच नियम हरीम म्हणून शिकवला गेला असता तर कदाचित थोडा संकोच वाटला असता.

या ठिकाणी एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. हनफी ग्रंथांत असेही म्हटले आहे की हरीमच्या बाहेर कोणी विहीर खोदली आणि तरीही पहिल्या विहिरीचे पाणी गेले, तर खोदणाऱ्यावर भरपाई येत नाही, कारण त्याने हद्द ओलांडलेली नाही. मग बांधापासून दूर, नियमात राहून सहाशे फूट खोल जाणारा माणूस दोषमुक्त आहे काय? माझ्या मते हा प्रश्न चाळीस हातांच्या आकड्यावर सोडवता येणार नाही. तो आकडा दोर, उंट आणि माणसाच्या खांद्यांचा आहे. त्या साधनांनी दिवसभर उपसले तरी विहिरीची ओढ काही हातांपलीकडे जात नसे. विजेची मोटर रात्रंदिवस चालते आणि तिची ओढ खडकाच्या फटींतून लांबवर पोहोचते. नियमाच्या मुळाशी असलेले तत्त्व पाहिले तर ते प्रेषितांच्या (स.) त्या प्रसिद्ध आदेशात आहे, ज्यात स्वतःहून हानी करणे आणि हानीला हानीने उत्तर देणे या दोन्ही गोष्टी वर्ज्य ठरवल्या आहेत. साधन बदलले की हानीची हद्द बदलते. याचा रीतसर निर्णय उलमा आणि भूजलशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून द्यावा. तोवर निदान आपला विवेक आकड्याआड लपू नये.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे, पण ज्याचे उभे पीक जळते आहे, ज्याच्या मुलीचे लग्न त्या पिकावर ठरले आहे, त्याला तुम्ही हरीम सांगणार काय? हा आक्षेप खरा आहे. कर्ज काढून बोअर मारणारा लहान शेतकरी लोभी नसतो, तो घाबरलेला असतो. कुटुंबाचे पालनपोषण ही त्याच्यावरील धार्मिक जबाबदारी आहे. आपण एकट्याने संयम पाळला तर उरलेले पाणी शेजारचा उसाला घालील, हे त्याला दिसते. राज्याच्या लागवडीत ऊस लहानसा हिस्सा व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो, ही काही गुप्त गोष्ट नाही. म्हणून या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून वजूच्या लोट्याचे प्रवचन देणे मला पटत नाही. एकट्याचा संयम सद्गुण असला तरी पाणी वाचवण्यास तो अपुरा पडतो, आणि म्हणूनच भागीदारीची हदीस महत्त्वाची ठरते. भागीदार म्हटले की हिशेब आला, बैठक आली, वाटणी आली. सूरह अल्-कमरमध्ये समूद लोकांना सांगितले गेले की पाणी त्यांच्यात आणि त्या सांडणीत वाटलेले आहे, प्रत्येकाने आपल्या पाळीला यावे. आपल्याकडील पाटाची पाळी, रात्रीची 'बारी' ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

अशी वाटणी आपल्याच मातीत झालेली आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात दिले गेले: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता आणि ऊस वर्ज्य होता. साळुंखे हे काही फिकहचे अभ्यासक नव्हते. परंतु लोक पाण्यात भागीदार आहेत या वाक्याचा हिशेब मांडायला बसले तर उत्तर त्यांच्या पद्धतीच्या फार जवळ येईल. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही असे गावानेच ठरवले आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवण्याची रीत पाडली. अल्प पावसाचे ते गाव आहे. हे वाचून आपल्या मुलांना कोणी विचारावे की यातील कोणते काम मुस्लिम वस्तीत अशक्य आहे?

जेथे हिशेब झाला नाही तेथे काय होते तेही मुलांना सांगावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच्या आदल्याच महिन्यात शहरात पाण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू करण्यात आली होती. पाण्यासाठी जमावबंदी, ही दोन शब्दांची जोडी ऐकून मूल जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे देण्याची तयारी ठेवावी.

आता पाणथळींकडे वळू. आपल्या बोलण्यात पाणथळ म्हणजे पडीक, दलदलीची, डासांची जागा. भरणी करून तिचे प्लॉट पाडले म्हणजे विकास झाला, असा समज आहे. वास्तविक बसाल्टसारख्या खडकात पाणी सावकाश मुरते, त्याला थांबायला जागा आणि वेळ लागतो. तळी, ओढ्याकाठची दलदल, नदीचे पसरट पात्र या त्या थांबण्याच्या जागा होत. गावतळे भरलेले असले की त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकते, हे जुन्या माणसांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. इराणमधील कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. महाराष्ट्रातील पहिले स्थळ त्या यादीत २०२० साली गेले: निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यामागे गाळ साचला, बेटे तयार झाली आणि हजारो पक्षी येऊ लागले. नाशिक-मालेगावकडच्या मदरशांनी आणि शाळांनी हिवाळ्यात मुलांना तेथे एक दिवस न्यावे. पृथ्वीवरील प्रत्येक प्राणी आणि पंखांनी उडणारा प्रत्येक पक्षी हे आपल्यासारखेच समुदाय आहेत, ही सूरह अल्-अन्आमची शिकवण वर्गात समजावणे आणि हजार पक्षी एकाच वेळी पाण्यावरून उठताना पाहणे, यांत फरक आहे. कोकणातील मुलांना इतक्या दूर जाण्याची गरज नाही. त्यांच्या गावाला खाडी आहे, खाजणे आहेत, खारफुटी आहे. कोणत्या खाडीत कोणत्या ऋतूत कोणती मासळी मिळत असे हे त्यांच्या आजीला विचारले तरी अर्धा धडा होतो.

भरणी केलेल्या तळ्यावरील स्वस्त प्लॉट आपल्या लोकांनीही घेतले आहेत, हे सांगितले पाहिजे. चांगल्या वस्तीत जागा मिळत नाही, भाड्याने घर देताना नाव विचारले जाते, आणि अखेर नाल्याकाठची जमीन पदरी येते. ही लाचारी मी नाकारत नाही. परंतु पाणी आपली जागा विसरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठी नदीने आपली जुनी जागा शोधली आणि त्या जागेवर आपलेही बांधव राहत होते. लाचारीने घर बांधणारा निराळा आणि रात्री ट्रकने राडारोडा आणून तळे बुजवणारा निराळा. दोघांना एका तागडीत तोलू नये. लोकांच्या पाणवठ्यावर, रस्त्यात आणि सावलीच्या जागी घाण करण्याला प्रेषितांनी (स.) शाप ओढवणाऱ्या कृत्यांत गणले आहे. एका माणसाच्या घाणीबद्दल हा इशारा आहे. अख्ख्या वस्तीचे सांडपाणी आणि कारखान्याचे रसायन तळ्यात सोडणाऱ्याविषयी वेगळे काय सांगावे?

वजूविषयी सर्वांनाच ठाऊक आहे म्हणून थोडक्यात लिहितो. वाहत्या नदीवरही पाणी उधळू नये, ही ह. साद (र.) यांना केलेली सूचना इब्ने माजामध्ये आहे. हदीसशास्त्रज्ञांनी तिच्या सनदीला कमकुवत म्हटले आहे. परंतु ह. अनस (र.) यांनी सांगितलेली गोष्ट बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे: प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वजू करीत. निरनिराळ्या मतांनुसार मुद्द म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक ते सुमारे एक लिटर. मुलांना सांगा की वजूच्या नळाखाली बादली ठेवा, नेहमीसारखा वजू करा आणि बादलीत किती पाणी साचले ते मापा. कोणाला काही बोलण्याची आवश्यकता राहत नाही. वजूचे वापरलेले पाणी हनफी मतानुसार स्वतः पाक असते, फक्त त्याने पुन्हा वजू होत नाही. मग ते गटारात का जावे? मशिदीच्या आवारातील झाडांना किंवा शोषखड्ड्यात ते सहज सोडता येते.

छताचा हिशेब तर पाचवीच्या मुलालाही जमतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. मशिदीचे छत दोनशे चौरस मीटर आणि गावाचा पाऊस सहाशे मिलिमीटर धरला तर वर्षाला एक लाख वीस हजार लिटर पाणी त्या छतावर पडते. काही उडून, सांडून जाईल. तरी लाखाच्या आसपास उरतेच. औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणले, आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी अशाच पाण्यावर पाणचक्की फिरली. आपण त्या वास्तूंपुढे उभे राहून छायाचित्रे काढतो आणि घरी येऊन छताचे पाणी पन्हाळीतून रस्त्यावर सोडतो.

शेवटी सदका-ए-जारियाविषयी. ह. साद बिन उबादा (र.) यांनी दिवंगत आईच्या नावे विहीर खोदली. ह. उस्मान (र.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर मालकाकडून विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. या आदर्शांवर आजही आपल्यातील सधन माणसे आई-वडिलांच्या ईसाले-सवाबसाठी बोअर मारून देतात आणि ज्या वस्तीत खरोखर पाण्याची सोय नाही तेथे ते मोठे पुण्यकर्म आहे. परंतु ह. उस्मान (र.) यांनी दुसरी विहीर खोदून पहिलीचे पाणी ओढले नाही, होती ती विहीर विकत घेऊन सर्वांची केली. ज्या मोहल्ल्यात आधीच घरोघरी बोअर आहेत तेथे आणखी एक मारण्यापेक्षा बुजलेला आड उपसणे, त्यातील कचरा आणि गाळ काढणे, मशिदीच्या छताचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून त्यात सोडणे, याला खर्च बहुधा कमीच येईल. संगमरवरी पाटी त्यावरही लावता येते.

अशा आडाची देखभाल मुलांकडे सोपवावी. दोराला दगड बांधून दर महिन्याला पाण्याची पातळी मोजणे आणि मशिदीच्या फळ्यावर नमाजांच्या वेळांशेजारी ती लिहिणे, हे काम बारा वर्षांची मुले-मुली उत्तम करतात. काठावर एक मोठा माणूस उभा असला म्हणजे झाले. पहिली मोजणी मात्र मे महिन्यातच घ्यावी, कारण पावसाआधीचा आकडा लिहून ठेवला नाही तर आश्विनात पाणी किती चढले ते कशावरून सांगणार?